सीतादही ते सैयारा

दिवाळीची सुट्टी संपली की आमचं कॉलेज उघडतं, पण भरत नाही. विद्यापीठाच्या वेळापत्रकातल्या तारखेला शिपाईकाका कुलूप काढतात, सर-मॅडम मस्टरवर सह्या करतात आणि वर्गात यवतमाळ शहरातली चार-सहा मुलं अंग चोरून बसलेली असतात. बाकीचा वर्ग वावरात असतो. आमच्या जिल्ह्यात नोव्हेंबर कापसाचा. पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागे निघतो, वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोमागे काय मागतात ते ऐकून बाबा टोपी काढून डोकं खाजवतात, आणि मग घरातली शिकणारी माणसंच सगळ्यात स्वस्त पडतात. त्यामुळे आम्ही परततो ते एकेक करून, जसजसं वावर मोकळं होईल तसतसं. आमचे एक सर "उशीर का झाला" असं कधी विचारत नाहीत. ते विचारतात, "एकरी झडती किती?" उताऱ्याचा आकडा ऐकला की हजेरीचं आपोआप समजून घेतात. त्यांचंही वावर आहे, दारव्ह्याकडे.

परत आलेल्या मुली हातांवरून ओळखू येतात. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून कडक होतात आणि नखाशेजारचं कातडं सोलून काढतात. दिवाळीची मेहंदी, तिच्यावर ओरखडे, वरून घाईनं लावलेलं नेलपॉलिश. असे हात पहिला आठवडाभर पेन जरा तिरपं धरतात. मुलांचं समजत नाही. ते हात खिशात घालून फिरतात आणि केस मात्र यंदा सगळ्यांचे सारखे, 'सैयारा'मधल्या अहान पांडेसारखे, कपाळावर आलेले. आर्णी रोडवरच्या सलूनवाल्याकडं दिवाळीच्या आधी म्हणे रांग होती.

'सैयारा' १८ जुलै २०२५ ला लागला. टॉकीजमध्ये मुलंमुली ढसाढसा रडतायत, कुणी शर्ट काढून ओरडतंय, असे व्हिडिओ आधी फोनवर आले आणि सिनेमा नंतर. माझी रूममेट दिग्रस तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरची. ती सिनेमा बघून आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण मेसची वेळ चुकवली नव्हती. त्या सिनेमाची गाणी तिच्याकडून माझ्या फोनमध्ये आली आणि माझ्या फोनमधून आमच्या वावरात.

यंदा सप्टेंबरच्या पावसानं खालची बोंडं सडली होती, तरी आईनं सीतादही सोडलं नाही. पहिल्या वेच्याआधी पराटीच्या बुडाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग ओटी बांधून ओळीला लागायचं. मी ओळीत उभी राहिल्यावर कमरेच्या ओटीशेजारी फोन खोचला आणि गाणं लावलं. पलीकडच्या ओळीत शेजारच्या काकू होत्या. दोन गाणी त्यांनी मुकाट्यानं ऐकली. मग म्हणाल्या, "काय वं, हे पोट्टं येवढं काऊन रडून रायलं?" मी त्यांना गोष्ट सांगितली. पोरगी कविता लिहिते, पोरगा गातो, दोघांचं जमतं, आणि मग तिला असा आजार होतो की ती हळूहळू सगळं विसरायला लागते. त्यालासुद्धा विसरते. काकूंचे हात थांबले नाहीत. "विसरते? मंग तं बरंच हाय तिचं. आमाले तं सोसायटीचं कर्ज झोपेतई आठोते."

मोहित सूरींच्या सिनेमाची इतकी नेमकी समीक्षा मी कुठं वाचली नाही. पण काकूंना नंतर ते गाणं आवडलं, हेही सांगायला हवं. दुपारी भाकर खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "लाव वं ते विसराळू पोट्टीचं."

मी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. आमची बॅच जरा वेगळी. २०२१ साली दहावीची बोर्डाची परीक्षा कोरोनामुळे रद्द झाली आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, ती आम्ही. त्या काळात शाळा फोनवर आली. आमच्या घरात रेंज येत नसे, वावराच्या धुऱ्यावर येई. धुऱ्यावर छत्री उघडून मी बीजगणित शिकले आणि त्याच छत्रीखाली, त्याच फोनवर, डेटा उरला तर सिनेमे पाहिले. आधीच्या पिढीला शाळा एका इमारतीत मिळाली आणि सिनेमा दुसऱ्या इमारतीत. आम्हाला दोन्ही एकाच खिडकीतून मिळाले, त्यामुळे कोणतं खरं नि कोणतं दाखवलेलं, हा हिशोब आमचा नेहमीच जरा कच्चा राहिला. कॉलेज म्हणजे काय, हे मला कॉलेजात यायच्या कितीतरी आधी 'दुनियादारी'नं सांगितलं होतं.

'दुनियादारी' २०१३ चा. सुहास शिरवळकरांची कादंबरी त्याच्याही तीसेक वर्षं आधीची, सत्तरच्या दशकातल्या पुण्याची. म्हणजे मी जे कॉलेज डोळ्यांसमोर धरून ॲडमिशनचा फॉर्म भरला ते माझ्या बाबांच्या जन्माच्या सुमाराचं आणि सहाशे-सातशे किलोमीटर लांबचं होतं. कट्टा, टोळी, मारामाऱ्या, जिवाला जीव देणारी मैत्री. 'स्टुडंट ऑफ द इयर'ची तर गोष्टच सोडा. त्या कॉलेजात पार्किंग मोठं होतं आणि ग्रंथालय दिसल्याचं मला आठवत नाही. या सगळ्या सिनेमांमध्ये एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे शेवटची एसटी. आमच्याकडं मैत्री, प्रेम, भांडण, नाटकाची तालीम, ग्रंथालयातलं पुस्तक, सगळं तिच्या वेळेवर चालतं. गावाहून रोज येजा करणारी मुलगी कट्ट्यावर बसलीच तर घड्याळाकडं तोंड करून बसते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या वर्गातल्या मुली म्हणायला लागल्या की आता सरकारनं गाडीही अर्धा तास उशिरा सोडावी.

दुसरी एक गंमत निवडणुकांची. २०१५ च्या 'क्लासमेट्स'मध्ये कॉलेजची निवडणूक केवढी रंगते! पॅनेल, घोषणा, खुन्नस. आम्ही ते बघताना जुन्या काळचा पोशाखी सिनेमा बघतो तसं बघतो. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या परत आणल्या, पण कागदावर. २०१९ मध्ये होणार होणार म्हणता पुढे गेल्या आणि मग कोरोना आला. आमच्या वयाच्या मुलांना लोकसभेला मत देता येतं, एकविशी गाठली की ग्रामपंचायतीत उभं राहता येतं (माझा मावसभाऊ उभा राहिला नि पडलाही), पण गॅदरिंगला कोणता डीजे आणायचा यावर मत द्यायची सोय नाही. गॅदरिंगच्या कार्यक्रमांची यादी मॅडम करतात. या यादीचं पुढं बघू.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' आला २०१६ मध्ये, मी तेव्हा पाचवीत. त्यातलं कॉलेज मला पहिल्यांदा ओळखीचं वाटलं. पोपडे निघालेल्या भिंती, वर्गात घामेजलेली मुलं, पाटलाच्या पोरासमोर दबून असलेले सर. आमच्या गावात तेव्हा मुलींनी आर्ची होण्याची हौस ट्रॅक्टरवर भागवली, कारण बुलेट कुणाकडंच नव्हती. माझ्या चुलतबहिणीनं ट्रॅक्टर धुऱ्यापर्यंत नेला आणि तिथून काकांनी परत आणला. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं. दोन्हींचा संबंध नाही असं तिची आई म्हणते.

कॉलेजच्या बाजूनं सिनेमा असा, आणि गावाच्या बाजूनं? पडद्यावर यवतमाळ शोधायला गेलं तर सापडतं ते बहुतेक मेलेलं. सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ चा; मी तो फार नंतर फोनवर पाहिला. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला म्हणून एक बाई घाबरते आणि आपला नवरा तसं काही करू नये यासाठी त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला त्याच्यामागं धाडते, त्याला गोडधोड करून घालते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी, ज्योती सुभाष. मला तो सिनेमा आवडतो, कारण त्या घरात माणसं हसतात. वैतागतात, खातात, एकमेकांची चेष्टा करतात. घरात कर्ज असलं म्हणजे चोवीस तास मागं बासरी वाजत नाही, हे त्या दिग्दर्शकाला ठाऊक होतं. नंतरच्या कितीतरी सिनेमांना, मालिकांना आणि बातम्यांना ते ठाऊक नाही. त्यांच्यात शेतकरी नांगर टाकून आभाळाकडं बघत बसतो. आमचे बाबा आभाळाकडं बघतात ते दोन सेकंद, आणि मग फोनमध्ये हवामानाचं ॲप उघडून त्याला शिव्या देतात.

'जवान' सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा मी नुकतीच यवतमाळला राहायला आले होते. आम्ही सगळे मिळून गेलो. शाहरुख खान एका उद्योगपतीकडून चाळीस हजार कोटी वसूल करतो आणि देशभरच्या शेतकऱ्यांच्या खात्यांत ते एका झटक्यात जमा होतात. टॉकीज फुटायची बाकी होती. शिट्ट्या, नाणी, पुढच्या रांगेतली मुलं खुर्चीवर उभी. मीही ओरडले. बाहेर आल्यावर माझा भाऊ, जो गावात सेतू केंद्रावर काम करतो, शांतपणे म्हणाला, "केवायसी न करता?"

त्या प्रश्नावर हसावं की रडावं मला कळेना. २०१७ च्या कर्जमाफीत फॉर्म ऑनलाइन होते. नवराबायको दोघांनी केंद्रावर जाऊन अंगठे द्यायचे. आमच्या आईबाबांनी लग्नानंतर एकत्र इतके तास बाहेर कधी घालवले नसतील. आईचा अंगठा मशीन घेईना. कापूस वेचून, राखेनं भांडी घासून त्याच्यावरच्या रेषाच पुसटल्या होत्या. शेवटी दुसरं बोट चाललं. यंदा सरकारच्या कापूस महामंडळाला, सीसीआयला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची आहे. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, आणि व्यापारी ओल दाखवून खाली मागतो, म्हणून आम्हीही नोंदणी केली. ॲप बाबांच्या नावाचं, सातबारा बाबांचा, फोन नंबर माझा. आणि मी यवतमाळला. म्हणजे अर्थशास्त्राच्या तासाला मॅडम फळ्यावर 'किमान आधारभूत किंमत' लिहीत असतात आणि माझ्या मांडीवरचा फोन थरथरतो, बाबा पलीकडून कुजबुजतात, "ओटीपी आला का? लवकर सांग, जाऊन रायला तो." असा प्रसंग 'जवान'वाल्या ॲटलीला सुचला नसता. त्याला दोष देत नाही. त्याला पावणेतीन तासांत बाकीच्या देशाचंही भलं करायचं होतं.

वाघिणीचीही अशीच गोष्ट. पांढरकवडा-राळेगावच्या जंगलातली अवनी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. आमच्या शाळेत त्या काळात अवनी सोडून दुसरा विषय नव्हता. त्या भागातल्या नातेवाइकांकडं सुट्टीत जायचं बंद झालं होतं. पुढं २०२१ मध्ये विद्या बालनचा 'शेरनी' आला. वाघीण, तिचे दोन बछडे, खासगी शिकारी, वनखातं नि पुढारी, सगळं इतकं ओळखीचं की आम्ही प्रत्येक पात्राला आपल्याकडचं नाव देत होतो. पण सिनेमातलं जंगल मध्य प्रदेशातलं. आजोबा म्हणाले, "म्हंजे वाघीणबी आपली गेली अन् नावबी."

नाव ज्यात आलं तो प्रसंगही सांगते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. त्याआधी १९७३ मध्ये गदिमा अध्यक्ष असलेलं संमेलन इथंच भरलं होतं, हे तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी सांगत होतं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतलं गेलं, गदारोळ झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. घरच्या टीव्हीवर त्यांची ओळख दोनच शब्दांत होत होती: शेतकऱ्याची विधवा. त्या नटी आहेत, श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करतात, त्या स्टेजवर उभं राहण्याचा त्यांना सराव आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी त्या ज्या ठामपणे बोलल्या तो ठामपणा दुःखातून आला असं सगळ्यांनी धरून चाललं. मला वाटतं, निम्मा तरी तालमीतून आला असेल. आमच्या बायांचं दुःख कुणालाही लगेच दिसतं. त्यांची मेहनत करून कमावलेली कला दिसायला वेळ लागतो.

मेलेला शेतकरी हे झालं पडद्यावरचं आमचं पहिलं रूप. दुसरं रूप विनोदी. २०१४ पासून झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' चालू झालं आणि भारत गणेशपुरे यांच्या तोंडून अख्ख्या महाराष्ट्राला वऱ्हाडी ऐकू आली. ते मूळचे अमरावतीचे. आमच्या घरात सोमवार-मंगळवारी त्या वेळेला कुणी भांडत नसे. टीव्हीत आपल्यासारखं बोलणारा माणूस बसलेला, केवढा आनंद! तो आनंद मी नाकारत नाही. पण मी पुण्याला मावशीकडं गेले तेव्हा तिथल्या मुलींनी पहिल्याच दिवशी फर्माईश केली, "ए, वऱ्हाडीत बोल ना काहीतरी!" मी म्हटलं, काय बोलू? "काहीही. तुमचं सगळंच भारी असतं." मी म्हटलं, "मले भूक लागली." त्या हसून हसून लोळल्या. मला खरोखरच भूक लागली होती.

बाबा म्हणतात, हसणं पूर्वीही होतं, आणि भरपूर होतं. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचे शंकर बडे गावोगाव 'बॅरिस्टर गुलब्या' करायचे. एकटा माणूस स्टेजवर, आणि समोर गणपतीचा मांडव गच्च. नेर तालुक्यातल्या धनज-माणिकवाड्याचे डॉ. मिर्झा रफी अहमद बेग 'मिर्झा एक्स्प्रेस' घेऊन फिरायचे. हा माणूस वऱ्हाडीत असा काही हाणायचा की पाटील, मौलवी, सालदार सगळे एका सतरंजीवर गडबडा लोळायचे. शंकर बडे २०१६ मध्ये गेले. मी त्यांना पाहिलं नाही. बाबांनी पाहिलंय, आणि बाबा सांगतात त्यातली एक गोष्ट मला पक्की लक्षात राहिली: लोकं हसता हसता एकदम गप्प व्हायची, कारण पुढची ओळ त्यांच्याच घरातली असायची. हसणारा आणि ज्याच्यावर हसायचं तो एकाच मांडवात असले की असं करता येतं. टीव्हीच्या स्टुडिओत तसं करता येत नाही. तिथं टाळीची वेळ ठरलेली असते, आणि गप्प होण्यासाठी जाहिरातीनं जागाच ठेवलेली नसते.

सुट्टीहून परत आल्यावर माझी जीभ काही दिवस वावरातच असते. वर्गात तोंडून "मले" निघून जातं, मॅडम हसतात, मी "मला" करते. मुलाखतीला गेलं की हे चालणार नाही, असं प्लेसमेंटचे सर सांगतात, आणि त्यांचंही खरं आहे. संध्याकाळी नेहरू स्टेडियमकडं गेलं तर पोलीस भरतीची मुलं पळत असतात, मुलं सोळाशे मीटर, मुली आठशे. त्यांच्या फोनवर '१२वी फेल'ची क्लिप असते, अभ्यासिकेतल्या भिंतीवर त्याच सिनेमाचं पोस्टर. तिथं वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी बोलणारी मुलं एकमेकांना प्रमाण मराठीत चालू घडामोडी विचारत असतात. त्या अभ्यासिकेवर कुणी सिनेमा काढला नाही, आणि मला वाटतं काढूही नये. काढला की त्यातला एक जण नापास होऊन फास घेईल आणि एक जण कलेक्टर होईल. बाकीचे साठ-सत्तर, जे होमगार्डला लागतील, कृषी केंद्र टाकतील, लग्न करून घाटंजीला जातील, त्यांना कॅमेरा कट करील.

रूममेटला हे माझं सगळं बोलणं लांबण लावल्यासारखं वाटतं. ती म्हणते, "तुले कोनी दाखवलं पायजे म्हून काऊन बसली? तू दाखव नं." तिच्याकडं उदाहरण आहे: संजू राठोड. जळगाव जिल्ह्यातल्या बंजारा समाजातला हा मुलगा, इंजिनिअरिंग शिकलेला. त्याचं 'गुलाबी साडी' २०२४ च्या सुरुवातीला आलं आणि त्या लग्नसराईत आमच्या जिल्ह्यात असा एक मांडव नसेल जिथं ते वाजलं नाही. मराठवाड्यातही वाजलं, मुंबईतही, परदेशातल्या रील्समध्येही. मराठी न समजणारी माणसं त्यावर नाचली. त्या गाण्यात बोंड नाही, फास नाही, वऱ्हाडी ठसका नाही. एक मुलगी साडी नेसून नटलीय आणि तिला आपला फोटो हवाय, एवढंच. रूममेटच्या तांड्यावर त्याचं पोस्टर लागलं होतं, कुणी न सांगता, वसंतराव नाईकांच्या फोटोशेजारी. नाईक साहेब आमच्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे, १९६३ पासून अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री. तांड्यातून मंत्रालयापर्यंत जाता येतं हे त्यांनी दाखवलं, असं भाषणात सांगतात. तांड्यातून डीजेच्या पेनड्राइव्हपर्यंत जाता येतं हे संजू राठोडनं दाखवलं, आणि रूममेटच्या मते दुसरं जास्त अवघड आहे, कारण तिथं आरक्षण नाही.

आता ती यादी. डिसेंबर लागायच्या आत मॅडम गॅदरिंगचे कार्यक्रम ठरवतात. त्यात दर वर्षी एक 'बंजारा नृत्य' असतं. नागपूरहून भाड्यानं आणलेले फेटिया-काचळी, प्लास्टिकचे आरसे, आणि नाचणाऱ्यांत एकही बंजारा मुलगी नाही. यंदा मॅडमना वाटलं की अस्सल करावं, म्हणून रूममेटला बोलावलं. तिनं सरळ सांगितलं, तिच्या आजीचा फेटिया सात-आठ किलोचा आहे, तो घालून नाचायला आजीच पाहिजे, आणि आजी दोन हजार रुपये घेईल. स्वतः ती 'गुलाबी साडी' करणार, जीन्समध्ये. मॅडम म्हणाल्या, "अगं, पण तुझी संस्कृती?" ती म्हणाली, "तेबी आमचंच गानं हाय, मॅडम."

माझ्या वाट्याला दर वर्षीचं दुसरं काम आलं: 'शेतकरी आत्महत्या' या विषयावरचं पथनाट्य. त्यात पांढरी साडी नेसून छाती बडवायची. मागच्या वर्षी मी ते केलं, बक्षीस मिळालं, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी डोळे पुसले. मागच्या रांगांमध्ये, जिथं खरोखरची शेतकऱ्यांची पोरं बसतात, तिथून कुणीतरी शिट्टी मारली होती. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आता त्या मुलाला पथनाट्यात घ्यावं असं वाटतं. मी मॅडमना म्हटलं की यंदा मी नवीन लिहिते. विषय शेतीच, पण कुणी मरणार नाही. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं, "मग त्यात होणार काय?"

लिहिलंय ते असं. एक बाप कापूस खरेदी केंद्रावर ॲप उघडून उभा, त्याच्यामागं बैलबंड्यांची रांग. एक मुलगी अर्थशास्त्राच्या तासाला. मधे फोन. बापाला ओटीपी पाहिजे, मुलीला फोन उचलायची बंदी, प्राध्यापक बोर्डावर हमीभावाचा आलेख काढतोय आणि त्याची रेषा नेमकी कुठं वळवायची हे त्याला आठवत नाही. एक सलूनवाला आहे, तो प्रत्येकाला अहान पांडे करून सोडतो. काकू आहेत, त्या सगळ्यांना विचारतात की विसरायचा आजार कुठं मिळतो. परवा हॉस्टेलच्या गच्चीवर वाचन केलं. सगळ्या मुलींना बाप व्हायचं होतं. त्याला शिव्या जास्त आहेत. काकूंचा रोल मेसच्या मावशींनी मागून घेतला. शेवटी उरला ओटीपी. माझ्या डोक्यात होतं की तोसुद्धा एक पात्र असावा, नाटकभर ज्याची वाट बघायची तो. त्यावरून भांडण झालं, कारण नाटकात तो येतच नाही. येतो तेव्हा पडदा पडलेला असतो. कुणी घेईना.

रूममेट बादलीतले कपडे पिळता पिळता म्हणाली, "मले दे तो. स्टेजवर यायचं कामच नाई. तेवढ्यात 'गुलाबी साडी'ची तयारी करून घेतो, अन् सर्टिफिकेट दोन भेटतात."